आयाळीच्या मुळाशी

ग्लासगो शहरातल्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात एका घोड्याचा सांगाडा जपून ठेवलेला आहे. या घोड्याने कोणतं युद्ध पाहिलं नाही आणि कोणत्या राजाला पाठीवर घेतलं नाही. ‘बॅरन ऑफ बुक्लायव्ही’ हे त्याचं नाव, जन्म १९००चा, जात क्लाइड्सडेल, म्हणजे स्कॉटलंडमधली नांगर आणि मालगाड्या ओढणारी धिप्पाड जात. दोन भागीदारांमध्ये त्याच्या मालकीवरून वाद झाला. तो कोर्टाच्या पायऱ्या चढत थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. अखेर १९११मध्ये एअर इथे घोड्याचा जाहीर लिलाव झाला आणि त्या दोघांपैकीच एकाने तो ९,५०० पौंडांना घेतला. स्कॉटिश शेतमजुराला तेव्हा आठवड्याला साधारण एक पौंड मिळत असे. या हिशेबाने ती रक्कम एका मजुराच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या कमाईएवढी होते. तीन वर्षांनी एका घोडीच्या लाथेने घोड्याचा पाय मोडला आणि तो गेला.

एवढे पैसे कशाचे मोजले? ओझं ओढायला तेवढ्याच ताकदीचे घोडे शेकड्याने मिळत होते. मोजले ते नावाचे. हा ‘बॅरन्स प्राइड’चा मुलगा, आणि याची शिंगरं ‘बॅरन ऑफ बुक्लायव्ही’ची शिंगरं म्हणून विकली जाणार, या खात्रीचे. पैदाशीच्या धंद्यात विकली जाते ती मुळात एक साक्ष असते: अमुक शिंगराचा बाप अमुक घोडा आहे. आई कोण हे सगळ्यांना दिसतं, निदान दिसतं असं वाटतं. बापाच्या बाबतीत माणसाच्या शब्दावर आणि वहीतल्या नोंदीवर विसंबावं लागतं. ही साक्ष खरी की खोटी, हे ठरवण्याचं साधन माणसाच्या हाती कसं आलं आणि ते आल्यावर काय काय उघडं पडलं, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडे घोडा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो स्वारीचा. पागा, खोगीर, मोतद्दार, भीमथडीची तट्टं, सारंगखेड्याची यात्रा. ओढीचं काम आपण बैलांवर सोपवलं. उत्तर-पश्चिम युरोपात मात्र जड, ओल्या जमिनीत खोल नांगर ओढायला आणि नंतर कारखान्यांचा माल वाहायला आठशे-हजार किलोचे घोडे घडवले गेले. बेल्जियमचा ब्राबांसाँ, फ्रान्समधल्या पेर्श प्रांताचा पेर्शराँ, इंग्लंडचा शायर, पूर्व इंग्लंडचा सफोक आणि स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल या त्यातल्या नावाजलेल्या जाती. आपल्याकडच्या वाचकाने यातला एखादा पाहिला असेलच तर तो अमेरिकेतल्या बिअरच्या जाहिरातीत.

या जातींच्या नोंदवह्या, म्हणजे स्टडबुकं, जवळपास एकाच दशकात उघडली हे लक्षात घेण्यासारखं आहे. क्लाइड्सडेल आणि सफोक यांच्या संस्था १८७७च्या, शायरची १८७८ची (तेव्हा तिचं नाव ‘इंग्लिश कार्ट हॉर्स सोसायटी’ होतं), पेर्शराँची १८८३ची, आणि बेल्जियमची वही १८८६ची. याचं कारण अटलांटिकच्या पलीकडे होतं. अमेरिकेची मैदानं नांगराखाली येत होती आणि तिथले व्यापारी जहाजं भरभरून घोडे नेत होते. दूरचा गिऱ्हाईक घोड्याच्या पाठीवर हात फिरवून, गावात चौकशी करून विकत घेऊ शकत नाही. त्याला कागद लागतो. शुद्ध रक्ताची जी पवित्र भाषा पुढे या वह्यांभोवती जमली तिच्या मुळाशी निर्यातीची पावती होती, असं माझं मत आहे.

वह्या उघडल्या तेव्हा मागचं सगळं आठवणीतून भरावं लागलं. सफोकची वही हर्मन बिडेल या शेतकऱ्याने शेतोशेत हिंडून, म्हाताऱ्यांना विचारून, जुन्या जाहिराती गोळा करून सिद्ध केली. ती १८८०मध्ये छापली गेली. आज जगात असलेला प्रत्येक सफोक घोडा पितृवंशाने १७६८मध्ये जन्मलेल्या एकाच घोड्यापर्यंत जातो. अफर्ड गावच्या थॉमस क्रिस्पचा तो घोडा, आणि त्या घोड्याला स्वतःचं नावही नाही. ‘क्रिस्पचा घोडा’ एवढीच त्याची ओळख. पेर्शराँचे लोक असंच ‘जाँ-ल-ब्लाँ’ या १८२३च्या घोड्याचं नाव घेतात. शायरच्या मुळाशी पॅकिंग्टनचा एक आंधळा घोडा सांगतात. जातिपुराणंच ही. आपल्या कुळांच्या मूळपुरुषांसारखी, थोडी खरी, थोडी सोयीची.

पुराणांनंतरच्या नोंदी तरी किती भरवशाच्या? त्या काळी पैदाशीचा घोडा गावोगाव फिरत असे. वसंत ऋतूत मोतद्दार त्याला घेऊन पायी निघे. सोमवारी या गावच्या खानावळीत, मंगळवारी पुढच्या गावी, असा ठरलेला मार्ग असे. घोड्याची वंशावळ छापलेलं कार्ड तो वाटत जाई आणि कुठली घोडी कधी दाखवली हे खिशातल्या वहीत टिपून ठेवी. घोडी साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि अकरा महिन्यांनी विते. या फेरीत गाभ राहिला नाही आणि मधल्या काळात शेजारच्या माळावरचा दुसरा घोडा कुंपण ओलांडून आला, तर अकरा महिन्यांनंतर तारखांचा हिशेब कोण मांडणार? क्लाइड्सडेलांमधला ‘डन्युअर फुटप्रिंट’ हा बॅरन ऑफ बुक्लायव्हीचाच मुलगा. ऐन हंगामात त्याच्याकडे दर दोन तासांनी एक घोडी आणली जाई आणि त्याला गायींच्या दुधावर नि अंड्यांवर तगवत, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका थोडी फुगवलेली धरली, तरी अशा गर्दीत वही लिहिणाऱ्याच्या हातून काय सुटलं असेल ते समजतं. लबाडीही होतीच. नावाजलेल्या बापाचं शिंगरू दुप्पट भावाने जात असेल तर सगळेच मोतद्दार हरिश्चंद्र कसे असतील?

वहीतली चूक पकडण्याचं पहिलं साधन प्रयोगशाळेतून आलं नाही. ते घोड्याच्या कातडीवरच होतं. त्याची कथा शर्यतीच्या घोड्यांची आहे, पण ती इथे सांगायलाच हवी. मेंडेलचे नियम १९००मध्ये पुन्हा सापडले आणि इंग्लंडात त्यांवरून दोन तट पडले. एका बाजूला बेटसन आणि त्याची माणसं, दुसऱ्या बाजूला वेल्डनसारखे आकडेवारीवाले जीवशास्त्रज्ञ. लेस्टरशरमध्ये ऑर्किडांची पैदास करणारा चार्ल्स हर्स्ट हा बेटसनच्या बाजूचा. त्याने थरोब्रेड घोड्यांच्या स्टडबुकाचे खंड काढले आणि रंगांच्या नोंदी मोजल्या. त्याला दिसलं ते असं: आई आणि बाप दोघंही चेस्टनट, म्हणजे आयाळीपासून शेपटीपर्यंत तांबूस असतील, तर शिंगरू चेस्टनटच होतं. हजाराहून अधिक जोड्यांत हा नियम टिकला. अपवाद अगदी मोजके होते आणि हर्स्टच्या मते ते निसर्गाचे अपवाद नव्हते, कारकुनाच्या चुका होत्या.

वेल्डनला हे पटेना. पुराव्यात न बसणाऱ्या नोंदींना चुकीच्या ठरवून मोकळं होणं ही कुठली शास्त्रीय पद्धत, असा त्याचा आक्षेप होता, आणि आक्षेप म्हणून तो चुकीचा नव्हता. त्याने स्वतः स्टडबुकं पिंजून काढायला घेतली. तो रोमला सुटीवर गेला तेव्हा ते जाडजूड खंडही बरोबर नेले. १९०६च्या एप्रिलमध्ये न्यूमोनियाने तो वारला. वय फक्त सेहेचाळीस. कुठल्या घोड्याची नोंद चुकली, या प्रश्नापायी शेवटचे महिने घालवणारा शास्त्रज्ञ मला हर्स्टइतकाच महत्त्वाचा वाटतो. हर्स्ट बरोबर निघाला हे खरं. पण आपल्या सिद्धान्ताच्या बळावर वहीला खोटं ठरवायचं धैर्य आणि वहीच्या बळावर सिद्धान्ताला अडवायची चिकाटी, या दोन्हींची गरज होती.

चेस्टनट रंगाचं जनुक १९९६मध्ये सापडलं. हा रंग अप्रभावी आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच तो दिसतो. म्हणजे दोन चेस्टनट घोड्यांकडे पुढे द्यायला दुसरं काही नसतंच. सफोक जातीचा प्रत्येक घोडा चेस्टनट असतो (या जातीचे लोक हट्टाने त्या इंग्रजी शब्दातला मधला ‘टी’ गाळून लिहितात, हा त्यांचा जुना लाडका चुकार स्पेलिंगाचा अभिमान). त्यामुळे सफोकच्या कळपात काळ्या आयाळीचं कुमाईत शिंगरू जन्मलं, तर कुंपणापलीकडून कोणी तरी येऊन गेलं हे सांगायला कुठलीच प्रयोगशाळा लागत नाही. पेर्शराँमध्ये उलटं आहे. तिथला करडा रंग प्रभावी. शिंगरू जन्मतः काळं असतं आणि वयाबरोबर पांढरं होत जातं. असं शिंगरू करडं झालं, तर आईबापांपैकी एक तरी करडा असलाच पाहिजे. दोघंही काळे असतील तर नोंद चुकली.

पण रंगाच्या साक्षीला मर्यादा आहे. ती बाहेरचा घोडा ओळखते, घरातला नाही. दोन सफोक घोड्यांपैकी बाप कोणता हे रंग कधीच सांगणार नाही. म्हणून अंगावरच्या खुणा टिपण्याची पद्धत आली: कपाळावरचा पांढरा पट्टा, पायावरचे मोजे आणि भोवरे. भोवरा आपल्याकडे शुभाशुभ सांगतो. कुठल्या जागचा भोवरा धन्याला लाभतो आणि कुठला घर बुडवतो, हे घोड्याच्या बाजारात आजही ऐकायला मिळतं. युरोपातल्या घोड्याच्या पासपोर्टावरही भोवऱ्यांचा नकाशा काढतात, पण तो निव्वळ ओळखीसाठी. एकच खूण, एका ठिकाणी नशीब झाली, दुसऱ्या ठिकाणी सही. खुणांनी घोडा कोण हे कळतं. तो कोणाचा हे मात्र कळत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर रक्तगट आले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत गाईगुरांचे रक्तगट तपासायला सुरुवात झाली आणि पुढे ते तंत्र घोड्यांना लागू झालं. त्यासाठी ताजं रक्त लागे, पशुवैद्य लागे, बाटली वेळेत पोचवावी लागे. शतक संपता संपता डीएनएने ही सगळी यातायात संपवली. आता लागतात ते आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस. मात्र ते कापलेले चालत नाहीत, मुळासकट उपटलेलेच हवेत, कारण ज्या पेशींतून डीएनए काढायचा त्या मुळाशी असतात.

त्या केसांत पाहतात काय? घोड्याच्या चौसष्ट गुणसूत्रांवर काही ठिकाणी दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा आलेला असतो. आरतीचं धृवपद कोणी चारदा म्हणतं, कोणी सातदा, तसं. हा तुकडा किती वेळा आला हे घोड्याघोड्यांत वेगळं असतं. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून काही जागा ठरवल्या आहेत आणि प्रत्येक जागेच्या रूपांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत. मधल्या लांबीला ‘एम’ आणि तिच्या अलीकडे-पलीकडे उरलेली अक्षरं. म्हणजे केंटकीतल्या अहवालातला ‘एन’ आणि नॉर्मंडीतल्या अहवालातला ‘एन’ एकच. प्रत्येक शिंगराकडे एका जागेची दोन रूपं असतात, एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. समजा एका जागी शिंगराकडे ‘एल’ आणि ‘एन’ आहेत आणि आईकडे ‘एल’ आणि ‘पी’. मग ‘एल’ आईचा. ‘एन’ बापाकडून आला असला पाहिजे. ज्याचं नाव वहीत आहे त्या घोड्याकडे ‘एन’ नसेल, तर शंका. एकाच जागी असं झालं तर ते नैसर्गिक उत्परिवर्तनही असू शकतं. दोन-तीन जागी झालं की तो बाप नव्हे.

इथे एक बारकावा आहे आणि तो धंद्यातले लोकही पुष्कळदा विसरतात. ‘नाही’ हे उत्तर पक्कं असतं. ‘हो’ हे उत्तर फक्त ‘बसतं’ एवढंच सांगतं. पंधरा-सोळा जागा जुळल्या तर परका घोडा त्यांत चुकून बसण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कितीतरी कमी होते. पण संशयित दोघं सख्खे भाऊ असतील, किंवा बाप-लेक असतील, तर गणित डगमगतं. ओढीच्या जातींत तर सगळेच एकमेकांचे भाऊबंद. त्यामुळे आईचेही केस पाठवावे लागतात आणि कधी कधी जास्तीच्या जागा तपासाव्या लागतात. २००९मध्ये ‘ट्वायलाइट’ नावाच्या थरोब्रेड घोडीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यानंतर एकेका अक्षराचे फरक हजारोंनी तपासणारी नवी तंत्रंही आली आहेत.

जुन्या नोंदींचं काय झालं त्याचा एक मासला. १८८०ची एप्सम डर्बी ‘बेंड ऑर’ या घोड्याने जिंकली. हरलेल्याच्या मालकांनी तक्रार केली की हा बेंड ऑर नव्हेच, त्याच तबेल्यातला ‘टॅडकॅस्टर’ आहे, लहानपणी अदलाबदल झाली. तक्रार फेटाळली गेली. त्याचा सांगाडाही संग्रहालयात होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनी हाडांतून मातृवंशाचा डीएनए काढला, तेव्हा तो वहीतल्या आईशी जुळला नाही. टॅडकॅस्टरच्या आईच्या वंशाशी जुळला. म्हणजे बाप सोडाच, आईचीही नोंद डोळ्यांदेखत चुकू शकते. कळपात दोन घोड्या एका रात्री विल्या आणि शिंगरांनी थानं बदलली, की सकाळी पाहणारा जे दिसेल तेच लिहितो.

एवढा खटाटोप निव्वळ कुळाच्या अभिमानापायी असता, तर या विषयावर लिहायचं मला कारण नव्हतं. पण बेल्जियन घोड्यांत अधूनमधून एक शिंगरू असं जन्मतं की ज्याची कातडी अंगावर टिकत नाही. गुडघे, घोटे, जिथे जिथे दाब पडतो तिथे ती सोलून निघते. तोंडात व्रण असतात. खुरं पायांपासून सुटू लागतात. अशा शिंगराला काही दिवसांतच मरण द्यावं लागतं. शेतकरी याला ‘बिनकेसाचं शिंगरू’ म्हणत. कोणी घोडीच्या चाऱ्याला दोष देई, कोणी गोठ्याला. २००२-०३च्या सुमारास कारण सापडलं. कातडीचे दोन थर एकमेकांना धरून ठेवणारं लॅमिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या एका घटकाच्या जनुकात, ‘एलएएमसी-२’मध्ये, फक्त एक अक्षर जास्तीचं घुसलेलं असतं. एवढ्याने पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि प्रथिन अर्धवट राहतं. रोगाचं नाव जंक्शनल एपिडर्मोलिसिस बुलोसा, व्यवहारात जेईबी.

हा दोष अप्रभावी आहे. एक प्रत असलेला घोडा ठणठणीत असतो, बाजारात पहिला नंबरही काढतो. वाहक घोडा आणि वाहक घोडी एकत्र आली तर चारांत एक शिंगरू असं जन्मतं, दोन वाहक होतात आणि एक निर्दोष. आता डन्युअर फुटप्रिंटसारखा एखादा लाडका घोडा वाहक असला तर काय होईल ते पाहा. त्याची अर्धी शिंगरं वाहक. पहिल्या पिढीत एकही मरत नाही, कारण घोड्या निर्दोष असतात. त्याची कीर्ती वाढते. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत त्याच्या नातींचं त्याच्याच नातवांशी जुळवलं जातं, कारण सगळ्यांना तेच रक्त हवं असतं. आणि मग मरण दिसू लागतं. तोवर मूळ घोडा गेलेला असतो आणि त्याचं नाव मात्र प्रत्येक कागदावर असतं. कागदावरचा बाप चुकीचा असेल तर हा माग काढताच येत नाही. निर्दोष ठरलेल्या घराण्यात दोष उगवतो आणि दोषी घराणं निर्दोष म्हणून मिरवतं. जनकत्वाची तपासणी आणि रोगाची तपासणी एकाच केसाच्या लिफाफ्यातून होतात, त्या एकमेकींवाचून लंगड्या आहेत.

हाच, अगदी हाच अक्षराचा दोष फ्रान्समधल्या ब्रताँ आणि काँत्वा या जातींतही सापडला. वह्या वेगळ्या, देश वेगळे, जातींचे अभिमान वेगळे, दोष एकच. म्हणजे कधीकाळी कुणी तरी पूर्वज सामाईक असणार. बंद वहीचं दार जितकं घट्ट सांगितलं जातं तितकं ते कधीच नव्हतं.

दुसरा दोष याहून जुना आहे आणि त्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. गाड्या ओढणाऱ्या घोड्यांना पूर्वी ‘सोमवारचा आजार’ होत असे. आठवडाभर राबलेल्या घोड्याला रविवारी सुटी मिळे, चंदी मात्र नेहमीसारखीच भरपूर. सोमवारी जुंपला की काही पावलांतच तो घामाने निथळे, मागचे स्नायू लाकडासारखे कडक होत, लघवी काळपट होई, कधी तो जागीच कोसळे. यातल्या बऱ्याच घोड्यांमागे ‘जीवायएस-१’ या जनुकातला बदल आहे, हे २००८मध्ये उघड झालं. या बदलामुळे स्नायूंत साखर साठवणारं एन्झाइम थांबायचं विसरतं आणि स्नायूत ग्लायकोजेनचा नको इतका साठा होतो. पिष्टमय चंदी आणि बसून राहणं, ही जोडी त्याला घातक ठरते. याला पीएसएसएम म्हणतात.

जेईबी अप्रभावी, हा प्रभावी. एकच प्रत पुरते. आणि तो आहे किती? युरोपातल्या बेल्जियन घोड्यांच्या एका छोट्या पाहणीत दहांतल्या नऊंच्या आसपास हा बदल निघाला. शायर आणि क्लाइड्सडेल यांच्यात तो क्वचितच आढळतो. अमेरिकन क्वार्टर हॉर्ससारख्या हलक्या जातीतही तो आहे. त्याचं वय हजार वर्षांहून जास्त असावं असा अंदाज आहे. म्हणजे सगळ्या छापील वह्या, क्रिस्पचा घोडा, पॅकिंग्टनचा आंधळा, यांच्या कितीतरी आधी ही नोंद केलेली होती, फक्त ती वाचता येत नव्हती.

दहांतले नऊ घोडे सदोष म्हणून बाद केले, तर ती जातच उरत नाही. मग तो दोष म्हणावा का? काही संशोधकांना वाटतं की अपुऱ्या चाऱ्यावर रोज दिवसभर राबणाऱ्या घोड्याला हा साठा उपयोगी पडला असावा, म्हणूनच तो शतकानुशतकं निवडला गेला. हे अनुमान आहे, पण मला ते पटण्यासारखं वाटतं. काम गेलं, चंदी राहिली आणि गुणाचा आजार झाला. आज अशा घोड्यांना धान्य कमी, गवत आणि थोडी तेलबी, रोजचं फिरणं, एवढ्यावर चांगलं ठेवता येतं. तपासणीचा निकाल इथे बाद करण्याचा हुकूम नसतो, पथ्याचा कागद असतो.

आता मूळ पेच. ट्रॅक्टर आले आणि हे घोडे धडाधड संपले. अमेरिकेत एकेकाळी पेर्शराँची चलती होती. १९५४मध्ये तिथे फक्त ८५ नवे पेर्शराँ नोंदले गेले. इंग्लंडात १९६६ साली सफोक शिंगरांची नोंद झाली ती नऊ. साऱ्या जातीची वर्षाची भर नऊ! फ्रान्समधल्या कित्येक ओढीच्या जाती टिकल्या त्या मांसाच्या बाजारामुळे, हेही लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत बेल्जियनांना मोठा आधार मिळाला तो आमिश शेतकऱ्यांचा. शेतावर ट्रॅक्टर नको म्हणणाऱ्या या समाजाचा घोडा आता केसांच्या डीएनएवर नोंदला जातो.

अशा आकसलेल्या जातीत तपासणीने एक नोंद खोटी ठरवली तर काय करायचं? खरा बाप त्याच वहीतला दुसरा घोडा निघाला तर नोंद दुरुस्त होते, आणि तिच्याखालची सगळी वंशावळ पुन्हा लिहावी लागते. बाप सापडलाच नाही तर शिंगरू वहीबाहेर जातं. पंधरा वर्षं त्या घराण्यावर पैसा आणि आयुष्य घातलेल्या शेतकऱ्याच्या हातात मग एक चांगला, प्रेमळ, कामाचा आणि कागदाच्या दृष्टीने बेवारस घोडा उरतो. वाहक निघालेल्या घोड्याचंही तसंच. त्याला बाद केलं तर त्याच्याबरोबर त्याच्याजवळची इतर दुर्मीळ रूपंही जातात आणि उरलेल्यांतलं नातं आणखी जवळ येतं, त्यातून उद्याचा दुसरा कुठला अप्रभावी दोष डोकं काढील ते सांगता येत नाही. शहाणपणाचा मार्ग रुक्ष आहे: वाहकाला ठेवा, पण फक्त निर्दोष घोडीशी जुळवा. शिंगरू मरणार नाही. अर्धी शिंगरं निर्दोष निघतील, त्यांतून पुढचे घोडे निवडा. दोन-तीन पिढ्यांत दोष उतरतो, घराणं राहतं. याला लागतो धीर, आणि निकाल शेजाऱ्यापासून न लपवण्याचा प्रामाणिकपणा. दुसरी गोष्ट जास्त अवघड. वाहक ठरलेल्या घोड्याचा भाव लगेच पडतो, आणि तपासणीच न करणाऱ्याचा पडत नाही. म्हणून तपासणी ऐच्छिक ठेवून भागत नाही. बेल्जियनांच्या अमेरिकी संस्थेने जेईबीची तपासणी नोंदणीच्या नियमांतच आणली ती याच कारणाने असावी.

शायरच्या लोकांनी आणखी एक दार उघडं ठेवलं आहे. वहीबाहेरची घोडी चांगली असेल तर तिच्या मुली-नाती पिढी-दर-पिढी शायर घोड्यांशी जुळवत पूर्ण नोंदीपर्यंत चढू शकतात. शुद्धतेच्या कडव्या पुरस्कर्त्यांना हे खपत नाही. मला यात जुन्या वहीपेक्षा जास्त खरेपणा दिसतो, कारण इथे मिश्रण मान्य करून लिहिलेलं असतं.

आपल्याकडे थरोब्रेड घोड्यांची वही पुण्यात ठेवली जाते. भीमथडी जातीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. जात मान्य होणं आणि तिच्या एकेका घोड्याची वंशनोंद असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भीमेकाठच्या मेंढपाळाला आपल्या तट्टाची आई, आजी तोंडपाठ असते. बापाविषयी तोही बिडेलच्या म्हाताऱ्यांसारखाच बोलेल. वही उघडायची झाली, तर केसांचा लिफाफा पहिल्याच पानापासून हाताशी असणारी ती पहिल्या काही वह्यांपैकी एक असेल. सफोकला हे भाग्य मिळायला शंभराहून अधिक वर्षं थांबावं लागलं.

केस घेण्याची रीत सोपी आहे आणि खर्च ओढीच्या घोड्याच्या नालबंदीच्या एका फेरीहून सहसा कमी. मोठ्या घोड्याची आयाळ चालते. शिंगराची आयाळ फार मऊ, तिची मुळं निसटतात, म्हणून शेपटीचे केस घ्यायचे. बोटाला गुंडाळून झटक्यात ओढायचे, मुळं डोळ्यांनी पाहायची, धूळ-शेण झटकायचं, कोरड्या कागदाच्या लिफाफ्यात घालायचे. प्लॅस्टिकची पिशवी नको, ओलाव्याने बुरशी येते. आणि पुढच्या घोड्याकडे जाण्याआधी हात स्वच्छ करायचा, कारण आधीच्या घोड्याचा एखादा केस बाहीला चिकटून दुसऱ्याच्या लिफाफ्यात जातो. एवढ्या सगळ्या विज्ञानानंतरही चूक शिरते ती बहुधा इथेच, तबेल्याच्या दारात. म्हणून लिफाफ्यावर घोड्याचं नाव आधी लिहायचं, केस मागाहून उपटायचे.